खोळीतली सायकल

॥ श्री ॥
३ एप्रिल

चि. वन्संना अनेक आशीर्वाद.

तुम्ही पाठवलेलं खोकं पोचलं. आत निघालं ते असं: भिंतीवर लावायची मोठी चित्रं दोन गठ्ठे, गोल चिकटचित्रं एक डबा, लांबलचक कापडी फलक एक (एका टोकाला ओला), आणि सायकलच्या घंट्या एक पुडकं. पाठवणावळ तुमच्या पर्यटन-कचेरीनं भरली असं तुम्ही लिहिलंत, पण व्हॅनवाल्यानं "घाट चढायचे वेगळे" म्हणून माझ्याकडून शंभर घेतले. पावती मागितली तर हसला. ते शंभर मी तुमच्या नावावर मांडून ठेवलेत.

एका खोक्यासाठी अख्खी व्हॅन धूर सोडत वर आली, आणि खोक्यातल्या चित्रावर काय, तर "डोंगराला श्वास घेऊ द्या, मोटार घरी ठेवा." सासूबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. मग व्हॅनच्या धुराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, लेक तुमची. अहो, तेच खोकं स्टेशनवरून बसमध्ये टाकलं असतं तर बस चालवणाऱ्या तुमच्या बंधूंनी दारात आणून उतरवलं असतं. बस तशीही रिकामीच येते.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण चित्रं बघून तसं वाटत नाही. आपल्या चार खोल्यांत जे डोंगर-सायकलवाले उतरतात ते एकूण एक मोटारीनं येतात. एक माणूस, एक मोटार, टपावर एक सायकल. दोन दिवस झाडीतून उताराला लागायचं, चिखलात लोळायचं, "काय हवा आहे इथली!" म्हणायचं, आणि त्या हवेत धूर सोडत परत जायचं. गेल्या शनिवारी आपल्या गल्लीत इतक्या मोटारी लागल्या की दूधवाल्याला घागर डोक्यावर घेऊन आडवं चालत यावं लागलं.

आणि आगारातून यांना कागद आला आहे. शनिवारची बस हंगाम संपेपर्यंत निम्मी तरी भरली नाही तर वरची फेरी बंद. शेवटच्या शनिवारी मोजायला माणूस येणार. फेरी बंद झाली की हे खालच्या आगारात. राहायचंही तिथेच, घरी पंधरवड्यातून एकदा. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार? टपालाची पिशवीसुद्धा याच बसनं येते. फोन तर डोंगराआड लागत नाही. म्हणजे तुमची ही चित्रंबित्रं सोडा, तुमचं साधं खुशालीचं पत्रही आम्हाला मिळायचं नाही.

तेव्हा तुमच्या मोहिमेला माझा पाठिंबा आहे, गैरसमज नको. चित्रं लावलीत. फक्त एक विचारते. चित्रात बाई सायकल घेऊन हसत बसमध्ये चढते आहे. तुमचे बंधू बसमध्ये सायकल घेत नाहीत. बसच्या दारावरच पाटी आहे, "सायकली व जनावरे नेता येणार नाहीत." तुम्ही ती कधी वाचली नाहीत का?

देव तुम्हाला सद्बुद्धी देवो. तब्येतीला जपा.

वहिनी

१० एप्रिल

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार.

शंभर पाठवते, रागावू नकोस. खोकं बसनं पाठवायचं सुचलं नाही, हे खरंच चुकलं. पण पाटीचं मला माहीत नव्हतं गं! चित्र काढणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्यानं कुठल्याशा दुसऱ्या बसचा फोटो समोर ठेवून काढलं. आता तीच चित्रं स्टेशनवरही लागली आहेत, काढता येत नाहीत. तू दादाला समजाव. तुझं तो ऐकतो.

आणखी एक. पाहुण्यांना टोचून बोलू नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून आधीच लिहिते. माणसं रागावून बदलत नाहीत. मोटारीपेक्षा बस सोपी झाली, तरच ती बसनं येतील. बसनं येणाऱ्याला एक घंटी भेट दे, गोड बोल, बस्स.

आईच्या डोळ्यांना थेंब वेळेवर घाल. शेवटच्या शनिवारी मी कचेरीतल्या साहेबांना घेऊन वर येईन. फलकाच्या मागची चौकट मोठी आहे, म्हणून कचेरीच्या गाडीनंच यावं लागेल.

तुझी लाडकी नणंद

॥ श्री ॥
२४ एप्रिल

चि. वन्संना आशीर्वाद.

पैसे पोचले.

गोड बोल म्हणालात. बोलले. पहिल्या शनिवारी सगळ्यांना चहा देऊन गोड बोलले, सगळे "हो हो, अगदी बरोबर" म्हणाले आणि पुढच्या शनिवारी मोटारीनंच आले. मग मी माझ्या पद्धतीनं गेले. न्हाणीघराच्या दारावर खडूनं लिहिलं: "मोटारीनं आलेल्यांना गरम पाणी शेवटी."

हसू नका. दोन खोल्या त्याच संध्याकाळी रिकाम्या झाल्या. ते पलीकडच्या लॉजवाल्याकडे गेले, त्याच्याकडे गरम पाणी सगळ्यांना सारखं. राहिला तो आपला दातांचा डॉक्टर, टक्कलवाला, दर वर्षी येणारा. तो म्हणाला, "काकू, शिक्षा कबूल," आणि गार पाण्यानं आंघोळ करून रात्रभर शिंकत बसला. सकाळी त्याला काढा मीच करून दिला. आलं माझं, मध माझा. सासूबाई म्हणाल्या, "हवा सुधारायला निघालीस आणि पाहुणा बिघडवलास." खडू पुसून टाकला. तुमचं टोचून न बोलण्याचं म्हणणं बरोबर होतं, एवढं लिहिते आणि पुढे जाते.

आता पुढचं वाचताना बसून घ्या. परवा तिघंजण खरंच आगगाडीनं आले. तुमचं चित्र स्टेशनवर बघून! दोन तरुण मुली आणि एक मास्तर. सायकली घेऊन बसच्या दारात उभे राहिले, चित्रातल्या बाईसारखेच हसत. तुमच्या बंधूंनी खिडकीतून बोट दाखवलं, पाटीकडे. मास्तर म्हणाले, "अहो पण चित्रात…" हे म्हणाले, "चित्र मी नाही काढलं." आणि बस सोडली. अर्ध्याहून जास्त जागा रिकाम्या, आणि तीन उतारू फलाटावर!

त्यांनी मग वाळूचा ट्रक ठरवला. तीन सायकलींसाठी एक ट्रक. दारात उतरले तेव्हा तिघांच्या भुवयांवर वाळू होती आणि मास्तरांच्या हातात तुमच्या चित्राची घडी. मला म्हणाले, "बाई, डोंगरानं श्वास घेतला की नाही माहीत नाही, आम्हाला मात्र घेता आला नाही." मी पुडकं उघडलं. घंट्या दिल्या तिघांना.

संध्याकाळी यांना विचारलं, "आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस आहे का तुम्हाला?" तर हात धुताना शांतपणे म्हणाले, "ही फेरी गेली तर नुकसान माझं. म्हणून माझ्यासाठी नियम मी वाकवायचा? उद्या कोणी म्हणेल, याला घराजवळची बस हवी होती म्हणून यानं काय काय भरून आणलं." आणि जेवायला बसले. वन्सं, तुमच्या घराण्यात हा ताठा कुठून आला हो? सासूबाई तर म्हणतात त्यांच्या माहेरचा नाही.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कळायला मार्ग नाही.

वहिनी

१ मे

ती. वहिनीस नमस्कार.

त्या मास्तरांनी कचेरीत लेखी तक्रार केली. साहेबांनी मला बोलावून चित्र टेबलावर पसरलं आणि विचारलं, "ही बस कोणत्या देशात धावते?" हसण्यासारखं नव्हतं गं तेव्हा. हंगाम संपेपर्यंत काही दिसलं नाही तर मोहीम बंद, आणि मला परत नकाशे विकायच्या खिडकीवर बसवणार. दादाला म्हणावं, तू तुझी बस बुडव आणि बरोबर माझी नोकरीही बुडव. एक भाऊ, तोही असा!

तो लहानपणी मला शाळेच्या कुंपणावरून उचलून पलीकडे ठेवायचा. आता तीन सायकली उचलता येत नाहीत.

पाटीवर तो नियम का लिहिला आहे, एवढं तरी त्याला विचार. मी विचारलं तर भांडण होईल.

तुझी नणंद

॥ श्री ॥
१५ मे

चि. वन्संना अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण वाचाल तर रागावणार नाहीत.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी तुमच्या बंधूंना दाखवलं. शाळेच्या कुंपणाचं वाचून ते दोनदा खाकरले. मग मी विचारलं, "तो नियम आहे कशासाठी?" म्हणाले, "साखळीचं वंगण उतारूंच्या कपड्यांना लागतं. हँडल वळणावर कोणाच्या तरी पोटात घुसतं. चिखल सगळ्या गाडीत होतो." मी म्हटलं, "आणि हे तिन्ही झालं नाही तर?" म्हणाले, "तर नियमाचं भांडण कशाशी?" एवढं बोलून झोपले. झोपणं त्यांना बरं जमतं. मी जागी.

सकाळी प्रार्थनेला बसले तरी डोक्यात हँडलच. देवाची क्षमा मागितली आणि उठून फडताळ उघडलं. पाहुण्यांच्या विरलेल्या चादरी मी टाकत नाही, तुम्ही त्यावरून मला नेहमी चिडवता. तेवढ्यात दातांचा डॉक्टर आला, शिंका थांबल्या होत्या. त्याला म्हटलं, "डॉक्टर, सायकलीची चाकं निघतात का?" म्हणाला, "काकू, दातांपेक्षा लवकर." खरंच दोन्ही चाकं काढली, पॅडलं काढली, हँडल आडवं केलं, आणि सायकल एकदम गरीब दिसायला लागली. सासूबाईंनी हातानं चाचपून माप घेतलं. डोळ्यांना जवळचं नीट दिसत नाही तरी शिवणीला त्यांचा हात अजून सरळ चालतो. दोन चादरी एकावर एक, तळाला गोणपाट, वरून नाडी. झाली खोळ. त्यात सायकल घातली की बाहेरून गादीची वळकटी. बसमध्ये वळकट्या तर रोज जातात.

पहिल्या खोळीला चादर पुरेना. तेव्हा तुमचा कापडी फलक कापला. आधीच लिहून टाकते म्हणजे नंतर बोलणी नकोत. ओलं टोक कुजायला लागलं होतं, उरलेलं कापड मात्र जाड आणि चांगलं. आता त्या खोळीवर एका बाजूला "श्वास" आणि दुसऱ्या बाजूला नुसतं "घरी ठेवा" असं दिसतं.

खोळ घेऊन मी स्वतः बसथांब्यावर गेले. हे तिच्याभोवती फिरले. बोटानं दाबून बघितलं. हलवून बघितलं. खाली वाकून गोणपाटाला वंगण लागलंय का ते बघितलं. थांब्यावरचे लोक बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी म्हणाले, "मागच्या डिकीत बसेल. पण आधी आगारप्रमुखांना लिहीन. लेखी आलं तर घेईन." आणि खरंच घरी येऊन अर्ज लिहिला! मी मनात म्हटलं, गेला हंगाम. अकरा दिवस काही उत्तर नाही. मी रोज दिवा लावताना आगारप्रमुखांसाठी वेगळा नमस्कार केला. आयुष्यात नवऱ्यासाठी इतका केला नाही.

काल लेखी आलं. "खोळीत बांधलेली, धुतलेली, सुटी केलेली सायकल सामान म्हणून न्यावी." यांनी तो कागद पाटीखाली चिकटवला, चार कोपरे नीट दाबून. मग स्वतःच खोळ उचलून डिकीत ठेवली. उचलताना म्हणाले, "कुंपणावरून न्यायची ती यापेक्षा जड होती." हे तुम्हाला लिहू नको म्हणाले, म्हणून लिहिते.

सात खोळी तयार आहेत. स्टेशनवरचा चहावाला ठेवून घ्यायला कबूल आहे. धुवायला आपल्या दारातला नळ. बसनं येणाऱ्याला गरम पाणी आधी, असं आता मी तोंडानं, हसून सांगते, दारावर लिहीत नाही. आज शनिवार, पहिल्याच दिवशी चौघं आले. चहावाला सांगत होता, चाकं काढायची त्यांची शर्यत लागली.

वहिनी

२० मे

वहिनी गं!

पत्र साहेबांना वाचून दाखवलं (आगारप्रमुखांच्या नमस्काराचा भाग गाळून). ते खुश! म्हणाले, खोळी सगळ्यांना एकसारख्या हव्यात. तेव्हा आम्ही चकचकीत नव्या कापडाच्या पन्नास छापून घेतोय, त्यावर आमचं बोधचिन्ह. लांबून येणार आहेत, विमानानं, म्हणजे वेळेत पोचतील. तुझ्या त्या जुन्या चादरींच्या खोळी फोटोत नकोत, जरा ठिगळं दिसतात.

मोजणीच्या शनिवारी साहेब आणि मी येतोच आहोत, आधी ठरलं तसं कचेरीच्या गाडीनं. चौकट आणायची आहे.

दादाला सांग, मी खूप खुश आहे. खरंच.

तुझी नणंद

॥ श्री ॥
२३ मे

चि. वन्संना आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी देवापुढे जाऊन बसले, कारण लगेच लिहिलं असतं तर शब्द बरे आले नसते. आता बरे येतील असं नाही, पण प्रयत्न करते.

विमानानं खोळी! मोटारी कमी व्हाव्यात म्हणून विमान! वन्सं, तुम्ही शिकलेल्या आहात, मी मॅट्रिक. पण हे लिहिताना तुमचा हात थबकला कसा नाही? त्या पन्नास खोळी आधी थांबवा, लागतील तेवढ्या इथेच शिवून होतील. आपल्या खोळींना ठिगळं आहेत कारण त्या चादरींवर आधी लोक झोपलेत. त्यात लाजण्यासारखं काय? फोटोत सासूबाईंना खोळ शिवताना घ्या, त्या नवी साडी नेसायला तयार आहेत.

चौकटीचं म्हणाल तर फलकच उरला नाही, चौकट कशाला लावणार?

आता मुद्द्याचं. दातांच्या डॉक्टरचं सायकलवाल्यांचं मंडळ आहे, पंधरा जणांचं. मोजणीच्या शनिवारी सगळे येणार. ते आगगाडी-बसनं आले तर बस निम्म्यावर सहज जाते, कारण आपली रोजची माणसं धरली की एवढेच कमी पडतात. काल मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, मंडळींना बसनंच आणा." तो म्हणाला, "आणतो की. पण काकू, ज्या बाईंनी ही चित्रं काढवली, त्या स्वतः मोजणीच्या दिवशी कशानं येणार?"

मला खोटं बोलायची सवय नाही. मी त्याचा कप उचलून विसळायला नेला.

तो शिंकायचा थांबलाय पण त्याला सगळं कळतं. म्हणाला, "आमच्यातले निम्मे कुरकुरतायत. चाकं काढा, नाड्या बांधा, कोण करणार. मी त्यांना काय सांगू? असं करू. त्या बसनं आल्या तर आम्ही सगळे बसनं. त्या मोटारीनं आल्या तर आम्हीही मोटारीनं. फिटंफाट."

मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, हा काय पोरखेळ, यांची फेरी जाईल. तो म्हणाला, "मी घेऊन येईन हो, पण ते येणार नाहीत. त्यांना दाखवायला मला कोणीतरी हवं." आणि गेला. रात्रभर विचार केला, आणि मला त्याचा राग धरता येईना. चढावर आपण पुढे असलो तरच मागचे येतात, हे मी सायकल न चालवताही रोज दारातून बघते.

तुम्ही बसनं का येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचं कारण चौकट नाही, साहेबही नाहीत. तिसऱ्या वळणाला तुमच्या पोटात ढवळतं आणि लहानपणी सगळ्या बससमोर झालेली फजिती तुम्ही विसरला नाहीत. तुमचे बंधूही विसरले नाहीत. त्यांना मी काल हे सगळं सांगितलं. ऐकून ते कूस बदलून झोपले. पण आज सकाळी फडकं घेऊन गेले ते बराच वेळ आले नाहीत. बघायला गेले तर ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा, खिडकीची, ती काच आतून बाहेरून पुसत होते. मला बघून म्हणाले, "ही खिडकी घट्ट बसली होती. आता पूर्ण उघडते." आणि मग, जणू मलाच सांगत होते असं, "तिसरं वळण मी त्या दिवशी अगदी हळू घेईन. उशीर झाला तर झाला." वन्सं, या माणसानं माझ्या डोहाळ्यांतसुद्धा बस उशिरा नेली नव्हती.

सासूबाईंनी तुमच्यासाठी एक लहान खोळ शिवली आहे, तळाला व्हॅनवाल्याच्या खोक्यातलं प्लास्टिक, नाडीही लावली आहे. कशासाठी ते लिहीत नाही. लिंबू आणि आलं चहावाल्याकडे ठेवलंय. साहेबांना आणायचं असेल तर त्यांनाही बसमध्येच बसवा, त्यांचं तिकीट त्यांनी काढावं. त्यांच्यासाठी वेगळी खोळ शिवलेली नाही.

डॉक्टरला शुक्रवारच्या आत निरोप द्यायचा आहे. हे पत्र उद्याच्या बसनं खाली जाईल, तुमचं उत्तर परवाच्या बसनं वर येऊ शकेल, पिशवी हे स्वतः उघडून बघणार आहेत. तेव्हा कितीच्या आगगाडीनं स्टेशनवर उतरता ते उलटटपाली कळवा. मोटारीनंच येणार असाल तर कळवू नका. पिशवी रिकामी निघाली की आम्हाला समजेल.

तुमची
वहिनी